एकही माणूस उठला नाही

माझे धाकटे दीर कार्यक्रमांचं नियोजन करतात. म्हणजे त्यांच्या कार्डावर तसं छापलंय, आणि कार्डावर काय, काहीही छापता येतं. गाण्याचे कार्यक्रम, दुकानांची उद्घाटनं, जे हाताला लागेल ते घेतात. हातात सतत वॉकीटॉकी. पलीकडे कुणी असतं की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. तोंडात एकच वाक्य, "वहिनी, सगळं सेट आहे." हे ऐकलं की मी मुकाट्याने पर्समध्ये पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा टाकते.

तुम्हाला वाटेल, ही बाई सासरच्या माणसाचा दुस्वास करते. करतेच. पण उगाच नाही. एकदा त्यांनी संध्याकाळच्या गाण्याला खुर्च्या अशा मांडल्या की मावळता सूर्य थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत. जागा बघायला गेले होते सकाळी. संध्याकाळी सूर्य दुसरीकडे असतो, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. अख्खं मैदान कपाळाला हात लावून बसलेलं, आणि गाणाऱ्या बाईंना वाटलं आपलंच काही चुकतंय. दुसऱ्या एका ठिकाणी वायर कमी लागावी म्हणून जनरेटर स्टेजला चिकटून ठेवला. पुढे अंगाई आणि मागे पिठाची गिरणी. एकदा तर हॉलमध्ये स्टेज बांधून, पडदे लावून झाले आणि मग लक्षात आलं की पियानो बाहेरच राहिलाय. दार स्टेजने बंद. शेवटी पियानो व्हरांड्यातच वाजला. वाजवणारा खिडकीतून आत बघत होता, शेजारणीकडे वाटीभर साखर मागायला आल्यासारखा. भावजींना विचारलं तर म्हणाले, हॉलची रचनाच चुकीची आहे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

आता आमच्या ह्यांचं सांगते. हे दिवसा गोदामात कारकुनी करायचे आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे. मागच्या रांगेत, ढोलवाल्याच्या आडोशाला. कधीतरी गायिका साडी बदलायला गेली की ह्यांना पुढे ढकलत, जरा वेळ सांभाळा म्हणून. आणि ह्यांनी गज उचलला रे उचलला की लोक उठायचे. कुणी चहाला, कुणी बाथरूमला, कुणी नुसतेच पाय मोकळे करायला. शाळेत मधल्या सुट्टीची घंटा असते ना, तसं लोकांना ह्यांचं व्हायोलिन. हे घरी येऊन शांतपणे सांगायचे, आज पहिली रांगसुद्धा उठली. हळूहळू हे डोळे मिटून वाजवायला लागले. लोकांना वाटायचं, काय तल्लीन होतो माणूस! तल्लीन कसला, पाठी बघायच्या नव्हत्या त्याला.

गेल्या वर्षी ह्यांचा डावा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, हे वाढत जाणार, वाजवणं आता थोड्या दिवसांचं. त्या रात्री जेवताना हे घास हातात धरून बसले आणि म्हणाले, "एकदा लोक बसलेले बघायचे होते गं."

माझा जीव इतका तुटला, की मी करू नये ते केलं. भावजींकडे गेले. एका नावाजलेल्या गायकाचा त्यांचा मोठा कार्यक्रम ठरला होता. मी म्हटलं, सुरुवातीला तुमच्या दादांना थोडा वेळ द्या. भावजींनी खुर्चीत मागे रेलून, माझ्यावर उपकार केल्याच्या आवाजात सांगितलं की दहा मिनिटं देतो. सगळं सेट आहे.

कार्यक्रम शाळेच्या मैदानावर. चारी बाजूंनी उंच भिंत, फाटक एकच, आणि फाटकापासून मैदानापर्यंत दोन इमारतींमधून जाणारा अरुंद बोळ. कुठल्याही शहाण्या माणसाने गाड्या बाहेर लावायला सांगितल्या असत्या. आमच्या भावजींनी काय करावं? येणाऱ्या गाड्या त्याच बोळात लावल्या! एकामागे एक, बंपरला बंपर, थेट फाटकापर्यंत. पार्किंगची सोय दारातच, म्हणून छाती फुगवून सांगत होते. लोक गाड्यांतून उतरले, अंग चोरून आत आले, मग उरलेल्या फटीत भावजींनी स्कूटर कोंबल्या, आणि बोळ बाटलीला बूच मारावं तसा बंद. आणि बाथरूम कुठे? फाटकाच्या बाहेर, शाळेच्या जुन्या इमारतीत.

गायकाची गाडी आली तेव्हा भावजी स्वागताला बाहेर गेले होते. झालं. गाडी आत येईना, गायक पायी यायला तयार होईना, त्यांची वाद्यं गाड्यांच्या टपांवरून आणायची कुणाची छाती होईना, आणि आमचे नियोजनकार भावजी स्वतःच्याच कार्यक्रमाच्या बाहेर उभे. तिथून त्यांनी दादांना फोन केला. रस्त्यात गर्दी आहे, गायकाला उशीर होतोय, तुम्ही सुरू करा, एवढंच सांगितलं. खरं बोलायची पद्धत त्यांच्यात नाहीच.

हे स्टेजवर गेले. डावा हात थरथरत होता, मला खालून दिसत होतं. डोळे मिटले आणि वाजवायला लागले.

मी मागे वळून बघितलं. सवयीप्रमाणे लोक उठायला निघालेच होते. चारदोन जण बोळाच्या तोंडापर्यंत गेले, गाड्यांच्या फटीत पोट घालून बघितलं आणि परत येऊन बसले. बारीक माणूस कदाचित निसटला असता, पण त्या प्रेक्षकांत बारीक माणूस होता कुठे? कुजबुज झाली, एकाचं दुसऱ्याला कळलं, आणि सगळे आपापल्या खुर्चीत गप्प झाले. जाणार कुठे!

एक गृहस्थ मात्र गाडीची किल्ली नाचवत तावातावाने स्टेजकडे निघाले. माइकवर जाऊन आयोजकांची अब्रू काढणार होते. एरवी मी त्यांना खांद्यावर बसवून नेलं असतं. पण मी आडवी उभी राहिले आणि हळूच म्हटलं, "माझ्या नवऱ्याचं वाजवून होऊ द्या. मग मी स्वतः तुमच्याबरोबर ओरडायला येते." त्यांनी किल्ली खिशात टाकली. मग बसले बिचारे.

दहा मिनिटं कधीच उलटली होती. हे वाजवतच होते. माझ्यापुढच्या रांगेतल्या बाईने फोन पर्समध्ये टाकला. कंटाळून की ऐकायला, देव जाणे. मैदान हळूहळू शांत झालं. आणि कधी नव्हे ते ह्यांनी वाजवता वाजवता डोळे उघडले. एकेका रांगेवरून नजर फिरवली, अगदी शेवटच्या खुर्चीपर्यंत. पुन्हा मिटले नाहीत. हात थरथरतच होता, सूर मधूनच कापत होता, पण मी लग्नानंतर इतक्या वर्षांत ह्यांना असं वाजवताना पाहिलं नव्हतं. मला रडू फुटलं, आणि ते कशामुळे फुटलंय हे आठवून भावजींचा इतका संताप आला, की विचारू नका.

गायक आलाच नाही, परत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाड्या उलट्या काढता काढता बोळात जी शिवीगाळ चालली होती, ती ह्यांच्या कानावर पडू नये म्हणून मी पाय दुखल्याचं सोंग केलं आणि ह्यांना स्टेजमागे बसवून ठेवलं. बिस्किटं तिथे कामाला आली.

दुसऱ्या दिवशी भावजी घरी आले. चेहरा तोंडात मारल्यासारखा. बसल्या बसल्या म्हणाले, "दादा, कालचं ते गाड्यांमुळे…"

"भावजी, आधी चहा घ्या," मी म्हटलं. अशा आवाजात, की त्यांनी तोंड मिटलं.

तेव्हापासून माझ्या जिभेला कुलूप आहे. शेजारीपाजारी जे आले होते, त्यांनाही मी तंबी दिलीय. ज्या माणसाच्या अकलेचे धिंडवडे मी गावभर काढत आले, त्याच्या सगळ्यात मोठ्या गाढवपणावर मला अवाक्षर काढता येत नाही. कावळा बसला आणि फांदी तुटली, एवढंच झालं होतं. पण कावळा आता फांदी मीच तोडली म्हणून मिरवतोय.

ह्यांचं वाजवणं थांबलं. व्हायोलिन कपाटावर आहे. घरी कुणी आलं की हे त्या संध्याकाळची गोष्ट सांगतात. समोर पायावर पाय टाकून बसलेले भावजी मान डोलवतात आणि म्हणतात, नियोजन लागतं हो, नियोजन. मग हे माझ्याकडे वळतात.

"तू होतीस ना तिथे. सांग, कुणी उठलं?"

"नाही," मी म्हणते. "एकही माणूस उठला नाही."

ह्यांचा चेहरा उजळतो. भावजीही माझ्याकडे बघून कृतज्ञतेने हसतात. मेल्याला वाटतं, मी त्याला सांभाळून घेतेय.