चार रस्त्यावरची तपेली

फतेगंजातल्या कॉलेजातून निजामपुऱ्यातल्या घरी मी सायकलने येत असे, आणि माझी नजर रस्त्याच्या कडेला असे. स्कूटरची स्प्रिंग, किल्ली हरवलेलं कुलूप, केबलवाल्यांनी टाकलेले तारेचे तुकडे. घरोघरी नवीन वस्तू येत होत्या आणि जुन्या रस्त्यावर पडत होत्या. मी शिल्पकला शिकत होते. दुकानातून पत्रा आणण्यापेक्षा हे बरं वाटे, कारण त्यासाठी कुणाशी बोलावं लागत नसे.

त्या दिवाळीत सकाळीच सोसायटीजवळच्या चार रस्त्यावर, म्हणजे चौकात, एक ॲल्युमिनियमची तपेली दिसली. शेजारी कुत्र्यांनी विस्कटलेले वडे. कुणाचं तरी सांडलं असेल, असं मला वाटलं. तपेलीला एका बाजूने खोल पोचा आलेला होता. मी ती कॅरिअरला अडकवली आणि सुट्टी संपल्यावर वर्कशॉपमध्ये नेली.

तिथे मी एक उभी बाई केली. तपेली हे तिचं डोकं, पोचा आलेली बाजू हा गाल. ॲल्युमिनियम लोखंडाला वेल्ड होत नाही, म्हणून रिव्हेट मारून ती मानेवर बसवली. मी हातोडी घेऊन पोचा काढायला निघाले, तर सर म्हणाले, "त्याला हात लावू नकोस. सगळं काम तिथेच आहे." मला फार आनंद झाला. का, ते नीट कळलं नव्हतं.

वार्षिक प्रदर्शनाला आई आली ती वरच्या मजल्यावरच्या काकींना घेऊन. काकी गुजराती, आईची जुनी मैत्रीण. त्यांच्या घरून अधूनमधून भांडं पडल्याचा आवाज येई. आई वर बघून म्हणे, "पडलं हिच्या हातून! बोटांना तूप लावून बसते की काय!" दुसऱ्या दिवशी जिन्यात आईने चिडवलं, की काकीही हसत, "मारा हाथ ज एवा छे, बेन." माझे हातच असे.

"बघा बेन, आमच्या मुलीचं भंगार," आई म्हणाली. "तिच्या रुखवतात हेच मांडणार आहे. तोवर आमच्या बाल्कनीत!"

काकी हसल्या, पुढे झाल्या आणि थांबल्या. त्यांचं बोट पोच्यावर गेलं.

"आ तो मारी तपेली छे."

"अहो, तपेल्या काय, सगळ्या सारख्याच," आई म्हणाली.

"ना बेन." मग माझ्याकडे वळून, "चार रस्तेथी लीधी, बेटा?"

मी मान हलवली. आईने तोंडावर हात ठेवला. "अगं, काळी चौदसचं उचललंस?"

तेव्हा मला कळलं. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी इथल्या गुजराती बायका घरातला कंकास, म्हणजे भांडणतंटा, बाहेर काढतात. वडे तळून चार रस्त्यावर ठेवतात, भोवती पाणी फिरवतात आणि मागे न बघता घरी येतात. आमच्याकडे हे करत नाहीत, म्हणून कुणी मला कधी सांगितलं नव्हतं. काकींनी वड्यांबरोबर तपेलीही ठेवली होती.

"भींतने वागी," काकी हळूच म्हणाल्या. भिंतीला लागली. "हुं खसी गई ने, एटले."

त्या बाजूला सरल्या म्हणून भिंतीला. मी त्यांच्या बोटाकडे बघत राहिले. कानात नुसता आवाज भरला होता, आमच्या छतावरून इतकी वर्षं येणारा. ती भांडी पडत नव्हती. काकींचे यजमान, काका, जिन्यात भेटले, की माझ्या अभ्यासाची चौकशी करत. मी त्या पोच्याचा गाल केला होता, आणि सरांनी शाबासकी दिली म्हणून प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तो कपड्याने पुसून चकाकवलाही होता.



"सरस बनाव्युं छे," काकी म्हणाल्या. त्यांनी पदर सारखा केला. "पण घेर ना लावती, बेटा. में काढी'ती ने."

त्यांनी घराबाहेर काढलेलं परत घरी आणायचं नव्हतं. मी "नाही" म्हणाले. मराठीत.

प्रदर्शन संपल्यावर सगळ्यांनी आपापली कामं घरी नेली. माझी बाई वर्कशॉपच्या मागे, भिंतीकडे तोंड करून राहिली. सरांनी कारण विचारलं. घरी जागा नाही, असं मी सांगितलं.

थोड्या दिवसांनी आम्ही जेवायला बसत असताना वर काहीतरी आदळलं. आई सवयीने वर बघायला गेली आणि तशीच थांबली. बाबा म्हणाले, "पडलं वाटतं."

आईने मांडणीवरून एक वाटी उचलली.

"साखर मागून आणते," ती म्हणाली.

साखरेचा डबा भरलेला होता. तिने चपलाही घातल्या नाहीत. मी उठून तिच्यामागून जिना चढले.