रघुवीरची चिलापी

त्या मंगळवारी माहीमच्या खाडीत चिलापी मरून वर आली आणि कोळीवाड्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पांढरी पोटं वर करून हजारो मासे गाळात रुतले होते, वासानं डोकं उठत होतं, तरी लोक काठावर उभे राहून म्हणत होते, "गेली एकदाची पीडा!" कौसल्या मात्र तोंडाला पदर लावून मागे उभी होती. ही चिलापी तिच्या नवऱ्यानं, रघुवीरनं, आणली होती.

त्याला झाली बावीस वर्षं. खाडीतला मूळचा मासा म्हणजे बोय, ती तेव्हा कमी कमी होत चालली होती. हा परदेशी मासा कसल्याही पाण्यात जगतो असं रघुवीरनं कुठंतरी ऐकलं, आणि प्लास्टिकच्या पिशव्या भरून बोटभर पिल्लं आणली. नारळ फोडून ती खाडीत सोडली. मासा जगला, वाढला. बोय मात्र दोन पावसाळ्यांत दिसेनाशी झाली. झालं! चिलापीनं बोयची अंडी खाल्ली, असा निकाल कोळीवाड्यानं बसल्या जागी लावला. माणसंही अशी, की ज्या माशावर पोरं वाढवली त्यालाच शिव्या घालायची. चिलापीचं नावच त्यांनी 'रघू' पाडलं. बाजारात बायका कौसल्याच्या टोपलीशी थांबून खिदळायच्या, "आज रघू कसा दिला गो?"

ती हसण्यावारी न्यायची. पण एकदा फार झोंबलं, आणि घरी येऊन तिनं सगळा राग नवऱ्यावर काढला. "तूच खाल्लीस आमची खाडी!" दुसऱ्या दिवशी रघुवीरनं जाळं शेजाऱ्याला देऊन टाकलं आणि डिलाईल रोडच्या एका इमारतीत वॉचमन म्हणून लागला. गेल्या वर्षी वारला, तोवर खाडीत पुन्हा उतरला नाही.

मासे का मेले ते शोधायला एका कॉलेजातली दर्शना आली. तिनं बाटल्यांतून पाणी नेलं, मासे चिरून कल्ले पाहिले. कौसल्या चार दिवस तिला होडीतून फिरवत होती. तिला विचारायचं होतं वेगळंच, पण धीर होत नव्हता. पाचव्या दिवशी दर्शना कागद घेऊन घरी आली.

"मावशी, पाण्यात प्राणवायूच उरला नव्हता. वरून कुठूनतरी घाण सुटली आणि मासे गुदमरले."

"आणि बोय? तिला या माशानंच खाल्लं ना?"

"छे! आमच्या सरांच्या जुन्या नोंदी आहेत ना. चिलापी यायच्या आधीच पाणी इतकं सडलं होतं, की बोय टिकणारच नव्हती. चिलापी काटक, म्हणून जगली. ती नसती तर इतकी वर्षं तुमच्या जाळ्यात काहीच आलं नसतं."

कौसल्यानं तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग तिचा हात घट्ट धरला. "हे रिपोर्टात लिही. त्याची चूक नव्हती असं लिही."

"रिपोर्ट आत्ताच्या माशांचा आहे, मावशी. पण मी सगळ्यांना बोलावून सांगेन. लोकांना पटेल."

"लोकांचं काय घेऊन बसलीस गो?" कौसल्याला रडू आवरेना. "लोक वर्षानुवर्षं बोलले, तरी तो रोज खाडीवर जात होता. मी एकदाच बोलले."