चेंडू बघायचा नाही

त्या शहरात पस्तिशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, "तो शॉट पडला तेव्हा तुम्ही कुठे होतात?" तो छाती पुढे काढून सांगेल, "स्टेडियममध्ये." स्टेडियमात खुर्च्या नऊ हजार. साक्षीदार आजमितीला लाखभर झालेत आणि दरवर्षी त्यात भर पडते. त्या वर्षी ज्यांचे दुधाचे दात पडत होते तेसुद्धा आता बास्केटच्या मागे तिसऱ्या रांगेत बसलेले असतात. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

घडलं ते एवढंच. व्यावसायिक बास्केटबॉलच्या प्लेऑफची अंतिम फेरी, सातवा सामना. शहराचा संघ एका गुणाने पुढे आणि घड्याळात उरलेले सात दशांश सेकंद. एवढ्या वेळात माणसाला धड शिंकता येत नाही. चेंडू पाहुण्यांचा, रेषेबाहेरून आत टाकायचा. त्यांच्या डावखुऱ्याने तो झेलला, गिरकी घेतली, दोन माणसांच्या डोक्यांवरून फेकला. चेंडू हवेत असताना वेळ संपल्याचा लाल दिवा लागला आणि मग चेंडू जाळीतून खाली आला; दिव्याआधी हातातून सुटलेला म्हणून तो धरला गेला. विजेतेपद गेलं. छत्तीस वर्षांत एकदा चालून आलं होतं, तेही गेलं.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर तो क्षण संथ करून दाखवला. डावखुऱ्याच्या हाताला चेंडू लागला तरी घड्याळ सातवरच उभं होतं. अर्धा सेकंद उभं होतं, मग चालू झालं. पडद्यावर पाहून निकाल फिरवायची सोय तेव्हा नव्हती. निकाल कायम राहिला आणि शहराला चावायला एक माणूस मिळाला. घड्याळाचं बटण ज्याच्या बोटाखाली होतं तो. त्याचं खरं नाव त्या आठवड्यातच लोक विसरले. 'अर्धासेकंद' म्हणायला लागले. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं.

हा अर्धासेकंद दिवसा लिफ्टमिस्त्री होता. एका कंपनीत नोकरी, चाळीसेक इमारतींच्या लिफ्ट त्याच्या अंगावर. संध्याकाळी सामना असेल तेव्हा राखाडी कोट घालून मैदानाकडेच्या टेबलावर घड्याळ चालवायला बसायचा. हे काम त्याला एका म्हाताऱ्या घड्याळवाल्याने शिकवलं होतं आणि एकाच वाक्यात शिकवलं होतं, "चेंडू बघायचा नाही, पंचाचा हात बघायचा." पंचाचा हात वर असतो तोवर घड्याळ बंद. हात खाली आला की बटण. चेंडू कुठे गेला, कुणी टाकला, पडला की नाही, याच्याशी घड्याळवाल्याला काही देणंघेणं नाही. टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही.

अकरा वर्षं त्याने हा नियम पाळला. अकरा वर्षं मैदानाला खेटून बसून त्याने एकही बास्केट पडताना पाहिली नाही. घरी आला की बायको रेडिओवर ऐकलेला सामना त्याला सांगायची. "जत्रेला तुम्ही जायचं आणि पाळण्यात मी बसायचं," असं म्हणत वाढायची. तो जेवत जेवत ऐकायचा आणि मध्येच विचारायचा, "मग? तो टाकला त्याने?" असा तो चाहता होता. लाखभर साक्षीदारांपैकी निम्म्यांनी आयुष्यात एवढं प्रेम कशावर केलं नसेल.

त्या संध्याकाळी, सात दशांश उरलेले असताना, त्याने मान वर केली. आपला संघ जिंकताना एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं म्हणून. चेंडू हवेत होता. तो त्याने पाहिला, डावखुऱ्याच्या हातात पडलेलाही पाहिला, आणि मग त्याला बोटाची आठवण झाली.

चौकशी झाली. बटण उघडून तपासलं, बटणात काही दोष नव्हता. समितीने विचारलं, उशीर का झाला. तो म्हणाला, "झाला." पुन्हा विचारलं, तो पुन्हा तेवढंच म्हणाला. समितीने त्याला काढून टाकलं आणि शहराने ठरवून टाकलं की तो विकला गेला.

त्याने खरं का सांगितलं नाही, हे बायकोलाही दोन वर्षांनी कळलं. लिफ्टमिस्त्रीचं काम म्हणजे दोरावर टांगलेली माणसं. विकल्या गेलेल्या माणसाला कंपनी नोकरीवर ठेवते, लिफ्ट काही कुणी लाच देऊन पाडत नाही. पण ऐन क्षणी ज्याचं लक्ष उडालं, त्याच्या हाती दोर कोण देईल? पदरात चार वर्षांची मुलगी होती. त्याने चोर व्हायचं पत्करलं आणि तोंड शिवून घेतलं.

मग जे व्हायचं ते झालं. दारावर अंडी आली, भिंतीवर रंगाने मोठ्ठा अर्ध्याचा आकडा काढून गेले. तो पुसला तर पुन्हा काढून गेले. शाळेत मुलीला पोरं विचारायची, "बाबांनी किती घेतले?" भाजीवाली सुट्टे परत देताना म्हणायची, "बघा हो मोजून, तुम्हाला उशिरा कळतं." लोक स्वतःला विनोदी समजतात. पंधरा वर्षं तोच विनोद करून त्यांना कंटाळा येत नाही, हीच मला त्यांची सगळ्यात मोठी नालायकी वाटते.

पण हे सगळं त्याने गिळलं असतं. गिळता आला नाही तो मेहुणा. बायकोचा थोरला भाऊ, चष्म्याचं दुकान चालवणारा, चाहता मंडळाचा अध्यक्ष. बायकोला माहेर म्हणून उरलेला एवढा एकच माणूस. आधी तो मिस्त्रीला "अहो" म्हणायचा, दर रविवारी जेवायला यायचा. सामन्यानंतरच्या रविवारी दारातच उभा राहून बहिणीला म्हणाला, "विकल्या गेलेल्या घरात मी पाणी पिणार नाही." आणि खरंच, पंधरा वर्षं त्या घराचा उंबरा त्याने ओलांडला नाही.

आता मुलीचं लग्न रविवारवर आलं होतं. मुलगी म्हणाली होती, "मामा आला नाही तरी चालेल." पण मंगळवारी पत्रिका घेऊन बायको एकटीच भावाच्या दुकानात गेली. तो भिंग घासत होता. तिने पत्रिका काउंटरवर ठेवली. त्याने मान वर केली नाही. तीन गिऱ्हाइकं आली, चष्मे घेऊन गेली, तरी त्याने मान वर केली नाही. मग तिने पत्रिका उचलली, घरी आली आणि फळीवर ठेवून दिली. त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "तुम्ही त्याला खरं का सांगत नाही एकदा? माझ्यासाठी सांगा." पंधरा वर्षांत तिने मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. मिस्त्री ताटात बोट फिरवत बसला.

बुधवारी दुपारी कंपनीतून निरोप आला. बाजारातल्या जुन्या इमारतीची लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत पाच माणसं. पाचव्या मजल्यावर चाहता मंडळाचा हॉल. त्या दिवशी तिथे त्या पराभवाचा 'काळा दिवस' पाळायचा कार्यक्रम होता, पंधरावा. मिस्त्री जिने चढून गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेला. वीज तोडली आणि इंटरकॉम उघडला. त्या इंटरकॉमची एक तार मशीनरूममध्ये, एक खाली इमारतीच्या मॅनेजरच्या टेबलावर आणि एक लिफ्टमध्ये. लिफ्टमधलं बटण कुणीतरी घाबरून दाबताना आतच रुतवून ठेवलं होतं. आतलं सगळं बोलणं वर ऐकू येत होतं आणि आतल्यांना त्याचा पत्ता नव्हता.

"मी बास्केटच्या मागेच होतो," एक जण सांगत होता. "माझ्या अंगावर घाम उडाला त्या डावखुऱ्याचा."

"तिथे तर फोटोवाले बसतात," दुसरा म्हणाला.

"त्यांच्या मागे."

मग एक ओळखीचा आवाज आला. पंधरा वर्षांनी ऐकला तरी मिस्त्रीने तो पहिल्या शब्दाला ओळखला. मेहुणा म्हणाला, "तुम्ही सगळे शॉट बघत होतात. मी त्याला बघत होतो. टेबलाच्या बरोबर समोर बसलो होतो. तो माणूस पंचाकडे बघतच नव्हता. सरळ चेंडूकडे बघत होता. बोट बटणावर आणि डोळे चेंडूवर. झेलला जाईपर्यंत थांबला, अर्धा मोजला आणि मग दाबलं. याला म्हणतात विकलं जाणं."

आत शिव्यांचा पाऊस पडला. मिस्त्रीचा हात ब्रेकच्या दांड्यावर होता. सगळ्या शहरात एकाच माणसाने खरं पाहिलं होतं आणि तो हा होता. मिस्त्रीने गुपचूप लिफ्ट खाली आणली असती तर कुणाला काही कळलं नसतं. खाली मॅनेजर कान लावून बसलाय हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण त्याला फळीवरची पत्रिका दिसत होती.

"बरोबर आहे, दादा," तो इंटरकॉममध्ये म्हणाला. "चेंडूच बघत होतो."

मग बास्केटच्या मागचा साक्षीदार हळूच म्हणाला, "हा कोण?"

"अर्धासेकंद," मिस्त्री म्हणाला. "ब्रेक माझ्याच हातात आहे."

आत धक्काबुक्की झाल्याचा आवाज आला. कुणीतरी दार बडवलं, कुणीतरी म्हणालं, "भाऊ, आमच्या मनात तुमच्याबद्दल तसं काही नाही हो." अर्ध्या मिनिटापूर्वी त्याच गृहस्थाने मिस्त्रीच्या आईचा उद्धार केला होता.

"घाबरू नका. नीट उतरवतो," मिस्त्री म्हणाला. "दादा, मी विकला गेलो नव्हतो. अकरा वर्षांत मी एक बास्केट पाहिली नव्हती. आपण जिंकताना एकदा बघायचं होतं, म्हणून मान वर केली. चुकलो. एवढंच आहे."

"पंधरा वर्षं काय दातखीळ बसली होती?" मेहुणा ओरडला.

"काय सांगू, माझं लक्ष उडतं म्हणून? आणि मग तुम्ही बसला असतात माझ्या लिफ्टमध्ये?" मिस्त्री म्हणाला. "माझे डोळे पाहिलेत म्हणता. तोंड पाहिलं होतंत का?"

मिस्त्रीने एका हाताने दांडा दाबून ब्रेक सैल केला, दुसऱ्याने यंत्राचं चाक फिरवत लिफ्ट हळूहळू खाली सोडली. दोरांवर प्रत्येक मजल्याची पिवळी खूण असते. ती खूण यंत्राच्या पट्टीशी आली की लिफ्ट मजल्याशी आली. डोळे खुणेवर ठेवायचे, बाकी कुठे नाही. आतून मेहुणा काहीतरी बोलत होता, बहिणीचं नाव निघाल्यासारखं वाटलं. मिस्त्रीने ऐकलं नाही. खूण पट्टीवर आली तेव्हा त्याने दांडा सोडला आणि जिन्याने चौथ्या मजल्यावर जाऊन किल्लीने दार उघडलं.

लिफ्टची फळी आणि मजल्याची फरशी एका पातळीत होती, मध्ये नखभर फरक नव्हता. चौघं त्याच्याकडे न बघता जिन्याकडे पळाले. मेहुणा मागे राहिला. त्याने खाली वाकून फळी पाहिली, भिंगाची कड तपासावी तशी बोटाने चाचपली.

"त्या दिवशी एवढं लक्ष दिलं असतंस, तर," तो म्हणाला आणि कार्यक्रमाला वर निघून गेला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शुक्रवारी कंपनीचं पत्र आलं. इमारतीच्या मॅनेजरने लेखी कळवलं होतं की मिस्त्रीने महत्त्वाच्या क्षणी लक्ष विचलित झाल्याची कबुली स्वतःच्या तोंडाने दिली आहे. पाच माणसं सुखरूप उतरवल्याचा त्यात उल्लेख नव्हता. सोमवारपासून मिस्त्रीची बदली सुट्या भागांच्या गोदामात, खिडकीमागे. दोराला हात लावायचा नाही. सव्वीस वर्षांची विद्या एका परिच्छेदात संपली. त्याने पत्राची घडी करून पत्रिकेखाली ठेवली आणि बायकोला रविवारनंतर सांगायचं ठरवलं. तिने ते शनिवारीच वाचलं, आणि आपण वाचलंय हे सांगायचं तिनेही रविवारनंतर ठरवलं.

रविवारी लग्न लागून पंगती बसायच्या वेळी मेहुणा आला. अंगात कार्यक्रमाचाच काळा कोट. येताना त्याने दारात दोघातिघांना थांबवून मोठ्याने सांगितलं, "विकला गेला नव्हता. बावळट आहे, निव्वळ बावळट. माझ्या बहिणीचं नशीब." मुलीच्या सासरच्यांनीही ते ऐकलं. पंधरा वर्षांत शहराने मिस्त्रीबद्दल काढलेला हा सगळ्यात बरा उद्गार होता.

तो आत येऊन खुर्चीवर बसला. बायकोने पाण्याचा ग्लास आणून त्याच्यासमोर धरला. त्याने ग्लासकडे पाहिलं, मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या मिस्त्रीकडे पाहिलं.

"तोंड उघडं होतं," तो म्हणाला. "सगळ्यांसारखंच ओरडत होतात तुम्ही. अडव, अडव म्हणत होतात. मला दिसलं होतं."

"तेव्हाच?" बायकोने विचारलं.

"तेव्हाच."

"मग पंधरा वर्षं सांगितलं का नाहीस?"

"कुणावर तरी राग काढायचा होता ना," मेहुणा म्हणाला आणि एका दमात पाणी प्यायला. ग्लास खाली ठेवून तो मिस्त्रीला म्हणाला, "अहो, माफ केलेलं नाही हं."

"मी तरी कुठे केलंय," मिस्त्री म्हणाला.

बायकोने ग्लास उचलला आणि पुन्हा भरून आणायला गेली.