पाटाएवढा पिवळा डाग

इथले अनुभव मी नियमित वाचते आणि बहुतेक वेळा मनात म्हणते — वायरिंग तपासून घ्या, झोप पूर्ण करा. माझी पिठाची गिरणी आहे. दिवसभर पट्टा, मोटर आणि गिऱ्हाईक. भुताखेतांना माझ्याकडे कधी जागाच नव्हती. तरीही हे लिहितेय, कारण दोन वर्षं झाली आणि डोक्यातून जात नाही.

आमचं घर शेलूबाजारला, तेव्हा नवंच होतं. त्याआधी त्या जागेवर सोयाबीन पेरायचे. बोअरचं पाणी जड, त्यामुळे नळावर, बादलीवर, शॉवरच्या जाळीवर क्षाराचा पांढरा थर चढतो. तो मला ओळखीचा आहे. ॲसिड टाकलं, ब्रश मारला की निघतो.

माझी मुलगी ऋतुजा सातवा संपताना बाळंतपणाला आली. मागच्या वेळी सातव्यातच सगळं संपलं होतं, त्यामुळे घरात कोणी मोठ्याने बोलतही नव्हतं. ती आली त्याच्या तिसऱ्या दिवशी बाथरूमच्या कोपऱ्यात, नळापासून लांब, मला एक पिवळा डाग दिसला. पाटाएवढा. भोवती तेलकट कडा, जुन्या कढईला असते तशी. मी घासला. दुसऱ्या दिवशी परत तिथंच, तेवढाच.

"पाणी खराब हाये," आमचे हे म्हणाले. मीही तेच धरलं. ॲसिड बदललं. डाग निघायचा आणि सकाळी परत असायचा...

मग एकदा दुपारी मी फरशी कापडाने कोरडी पुसली, बाहेरून कुलूप लावलं, किल्ली पदराला बांधली आणि गिरणीत गेले. चार वाजता उघडलं. फरशी कोरडीच होती. डाग मात्र होता.

त्या दिवशी मी ॲसिडला हात लावला नाही.

आमच्या गल्लीत हमीदा खाला राहतात. अर्ध्या गावाच्या बाळंतिणींना आणि बाळांना त्यांनीच तेल लावून न्हाऊ घातलंय. मालिशचं ठरवायचं निमित्त करून मी त्यांना बोलावलं आणि डाग दाखवला. त्यांनी बोट घासलं, वास घेतला.

"कोणाले न्हाऊ घातलं वो इथं?"

"कोणालेच नाही. पोरगी तं साबण लावून शॉवरखाली आंघोळ करते."

"हे बाळंतिणीच्या न्हाण्याचं हाये, सुनंदा. तेल, हळद, बाळंतशेपा. चाळीस वर्षं माया हाताले हाच वास हाये."

"मंग आता काय करू?"

"मले काय माहीत? घासत राह्य. पोरीले नोको सांगू."

खाला कधी चहाशिवाय जात नाहीत. त्या दिवशी गेल्या.

मी रोज ऋतुजाच्या आधी उठून डाग घासायला लागले. डाग वाईट की चांगला, हे कळत नव्हतं, पण तो तिच्या नजरेला पडू नये एवढंच डोक्यात. असे तीन आठवडे गेले. मग एका सकाळी ती लवकर उठून दारात आली.

"आई, काहून रोज रोज घासून राह्यली? टाइल झिजून खाली वावर लागन."

फरशी ओली म्हणून तिने गाऊन वर धरला होता. मी खाली बसलेली, त्यामुळे तिचे पाय थेट डोळ्यांसमोर. घोट्याचं हाड दिसतच नव्हतं. मी अंगठा दाबला, तर खड्डा पडून तसाच राहिला.

"कवापासून हाये हे?"

"होत असते म्हणे असं..."

"डोकं दुखते?"

तिने गाऊन खाली सोडला. मग म्हणाली, "चार दिवस झाले. तुमी घाबरसान म्हणून नाही सांगतलं."

ब्रश तिथंच टाकला. यांनी गाडी काढली, आम्ही वाशिम गाठलं. डॉक्टरीणबाईंनी बीपी दोनदा मोजलं आणि तिला पलंगावरून खाली उतरूच दिलं नाही. संध्याकाळी सिझर झालं. मुलगी. तळहातावर मावेल एवढीशी, पण रडली. अठरा दिवस काचेच्या पेटीत होती.

घरी आलो तेव्हा ब्रश मी टाकला तिथंच पडलेला होता. डाग नव्हता. ऋतुजाचे टाके सुकल्यावर खालांनी त्याच कोपऱ्यात पाट मांडून मायलेकींना महिनाभर न्हाऊ घातलं. इतकी हळद, इतकं तेल... वर एक बादली ओतली की फरशी पांढरी. खाला दर वेळी वाकून बघायच्या.

पाण्यात लोह असेल, टाइलच्या सांध्यातून काही वर येत असेल — हे सगळं मी मिस्त्रीला विचारून झालंय. लोहाला शेपांचा वास कसा येईल, हे त्यालाही सांगता आलं नाही.

ऋतुजाला यातलं काही माहीत नाही. मला मात्र एकच गोष्ट अजून घाबरवते. पहिल्याच ॲसिडने तो डाग कायमचा निघाला असता, तर त्या सकाळी मी तिथं खाली बसलेली नसते.