एक मजला खाली माहेर

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई देवावरसुद्धा पहिल्या खेपेला विश्वास ठेवत नाहीत. देवळात गेल्या की घंटा तीनदा वाजवतात, एकदा देवासाठी आणि दोनदा घंटा नीट वाजते का ते बघायला. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं विजेचे स्विच तपासले. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. चांगला निघाला तर हिरवा स्टिकर, वाईट निघाला तर लाल. निवृत्त होताना त्यांनी उरलेल्या स्टिकरांची रिळं मागून घेतली, आणि तेव्हापासून डोंबिवलीतली आमची चार मजल्यांची इमारत त्यांच्या तपासणीखाली आहे. सोसायटीच्या पंपावर लाल. सेक्रेटरींच्या स्कूटरच्या ब्रेकवर लाल. माझ्या स्वयंपाकघरात गॅसच्या नळीवर, कुकरच्या शिट्टीवर आणि बाल्कनीच्या कडीवर लाल. हिरवा स्टिकर माझ्या घरातल्या एकाही वस्तूला अठरा वर्षांत मिळालेला नाही.

अठरा वर्षं म्हणजे आमच्या शेजाराचं वय. रोज चार वाजता त्या वर यायच्या, दारातला स्विच तीनदा दाबायच्या आणि "काय हो वरच्या, चहा टाकलात का?" असं विचारायच्या. मी म्हणायची, "टाकलाय हो खालच्या, बसा." त्यापलीकडे एकमेकींना हाक मारायला नावं लागली नाहीत. चहा पिऊन झाला की त्यातल्या चुका सांगायच्या आणि सव्वाचारला उठून जायच्या. त्यांचं लग्न झालेलं नाही. का झालं नाही ते मी कधी विचारलं नाही, आणि सांगण्याच्या भानगडीत त्याही पडल्या नाहीत.

माझ्या सुनेचं, पल्लवीचं, पहिलं बाळ तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं. अशा वेळी काय बोलायचं ते कोणालाच कळत नाही. खालच्या बाई मात्र दुसऱ्या दिवशी एक जाड फाईल घेऊन आल्या. "आता घाई नाही करायची," त्या पल्लवीला म्हणाल्या. "आधी कच्चा माल तपासायचा, मग मशीन सुरू करायचं."

"माझी सून मशीन नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच जास्त तपासायचं. मशीनला दुखत नाही."

डॉक्टरबाईंनीही वेगळं काही सांगितलं नाही, फक्त गोड शब्दांत सांगितलं. पल्लवीचं हिमोग्लोबिन नऊ निघालं. थायरॉईडची गोळी सुरू झाली, फॉलिक ॲसिड सुरू झालं, आणि डॉक्टरबाई स्पष्ट म्हणाल्या, "हिचं रक्त कमी आहे. बाळंतपणात जास्त रक्तस्राव झाला तर जड जाईल, तेव्हा आधी अंगात भरू दे." तेवढं वाक्य खालच्या बाईंनी फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलं. मग रोज सकाळी एक वाटी अळीव, एक वाटी बीट आणि त्यांची नजर, या तीन गोष्टी पल्लवीच्या पोटात जाऊ लागल्या. माझ्या मुलालाही सुटका नव्हती. "मालाला दोन बाजू असतात," असं म्हणून त्यांनी त्याच्या सिगारेटच्या पाकिटावर लाल स्टिकर लावला. त्याने पाकीट बदललं. नव्या पाकिटावरही संध्याकाळपर्यंत स्टिकर आला. आठवडाभरात कंटाळून त्याने सिगारेट सोडली. जे मला आणि त्याच्या बायकोला चार वर्षांत जमलं नव्हतं, ते अर्ध्या रिळात झालं.

आठ महिन्यांनी पल्लवीला पुन्हा दिवस राहिले. तिसरा महिना गेला, चौथा गेला. सहाव्या महिन्यात एका रविवारी तिचा मामा आला. पल्लवीला आईवडील नाहीत. जवळच्या दिवा स्टेशनला राहणाऱ्या या मामानेच तिला वाढवलं आणि शिकवलं. चार वाजले होते, खालच्या बाई हातात कप घेऊन बसल्या होत्या. मामा बराच वेळ टोपीशी खेळत बसला आणि मग म्हणाला, "ताई, पहिलं बाळंतपण आमच्याकडे व्हायला हवं, ते मला कळतं ओ. पण आमच्या बिल्डिंगला दिवसाआड पाणी येतं, ते पण टँकरचं. एका खोलीत आम्ही पाच माणसं. बाळंतिणीला न्हायला गरम पाणी कुठून आणू?"

"अहो, एवढंच ना?" मी म्हटलं. "इथेच करू. त्यात काय आहे?"

मला खरंच त्यात काही वाटलं नव्हतं. पण पल्लवी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली. तिच्या ऑफिसातल्या दोघी मैत्रिणी त्याच महिन्यात माहेरी गेल्या होत्या. कोणाची आई कसले लाडू करते ते रोज डब्याच्या वेळी ऐकावं लागत होतं, हे मला नंतर कळलं. खालच्या बाईंना ते त्या नळाच्या आवाजावरूनच कळलं असावं. त्यांनी अर्धा प्यालेला कप टेबलावर ठेवला.

"माझ्याकडे पाणी रोज दोन वेळा येतं," त्या मामाला म्हणाल्या. "गिझर मी स्वतः तपासलाय. मुलगी माझ्याकडे येईल."

"तुमच्याकडे म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे माहेरी."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. "बरं, चहा तरी संपवा," मी म्हटलं.

"आता नाही चालायचं. मुलीच्या सासरचं पाणी प्यायचं नसतं. मूल झालं की बघू, विहीणबाई."

ही रीत जुनी आहे. मुलीला पहिलं मूल होईपर्यंत आईवडील तिच्या सासरी पाणीही घेत नाहीत, असं माझी आजी सांगायची. माझ्या आईनेसुद्धा ती पाळली नव्हती. खालच्या बाईंनी ती पाळायचं ठरवलं. चार वाजता त्यांचं येणं बंद झालं. काही कामासाठी आल्याच तर स्वतःची पाण्याची बाटली घेऊन यायच्या आणि दाराजवळच्या खुर्चीत टेकायच्या. उलट मला मात्र विहीण म्हणून खाली बोलावणं यायचं. सोनेरी काठाच्या कपात चहा यायचा, आणि तो इतका वाईट असायचा, की अठरा वर्षं माझ्या चहात चुका काढणाऱ्या याच का, असा प्रश्न पडायचा. पण विहीण म्हणून पाहुणी गेलेली, मी बोलू शकत नव्हते. त्या मान खाली घालून "गोड मानून घ्या" म्हणायच्या.

सातव्या महिन्यात त्या नारळ घेऊन मुलीला न्यायला वर आल्या. सतरा पायऱ्यांचा प्रवास. माझा मुलगा बॅग घेऊन मागोमाग निघाला, तर त्याला दारातच थांबवलं. "जावईबापूंनी शनिवारी यावं." आणि तो खरोखर दर शनिवारी फळं घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून एक मजला उतरायला लागला. पल्लवीच्या तोंडावर इतकं हसू मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. ती बाल्कनीत येऊन वर बघून ओरडायची, "आई, मावशी मला लोळायला लावतायत हो दिवसभर!" माहेरी गेलेल्या मुलीने सासूला सांगायचं असतं, तेच आणि तसंच.

हॉस्पिटल कुठलं, यावरून जरा वाजलं. मुलाला त्याच्या ऑफिसजवळचं, माजिवड्याचं मोठं हॉस्पिटल हवं होतं. खालच्या बाई वाद घालत नाहीत, चाचणी घेतात. त्यांनी रिक्षा केली, मांडीवर काठोकाठ पाणी भरलेला तांब्या घेतला आणि ठाण्याला निघाल्या. शिळफाट्यापर्यंत तांब्या अर्धा झाला, मुंब्र्याच्या पुढे संपला आणि बाई कमरेपासून खाली भिजून परत आल्या. दुसऱ्या दिवशी तोच तांब्या घेऊन डॉक्टरबाईंच्या इथल्या छोट्या हॉस्पिटलला गेल्या. "सात मिनिटं आणि दोन थेंब," त्या म्हणाल्या. विषय संपला.

मग हॉस्पिटलची तपासणी. मीही गेले, कारण कोणीतरी माफी मागायला हवं होतं. त्यांनी लिफ्ट मोजली, स्ट्रेचर मोजलं. रक्तपेढीपर्यंत चालत जाऊन आल्या आणि वेळ लिहिली. मेन स्विच बंद करून जनरेटर दाखवा म्हणाल्या. डॉक्टरबाई बाहेर आल्या. "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"जबाबदार पार्टी," खालच्या बाईंनी सांगितलं.

पल्लवीला जी खोली मिळणार होती, तिथली पलंगाजवळची बेल त्यांनी तीनदा दाबली. ती एकदाही वाजली नाही. त्यांनी पर्समधून रीळ काढून बेलवर लाल स्टिकर चिकटवला. पुढचे तीन आठवडे त्या दर सोमवारी जाऊन ती बेल दाबून येत होत्या. शेवटी हॉस्पिटलने नवी बसवली. मला वाटतं, बेलसाठी नाही, सोमवारसाठी.

आणि मग एका गुरुवारी सकाळी दहाला खालून हाक आली, "विहीणबाई, रिक्षा उभी आहे." मी खाली पोचेपर्यंत पल्लवी बसलेली, बॅग चढलेली. बॅगेत बाळाची लंगोटी होती तशीच बॅटरी, सुतळी आणि एक्स्टेन्शन बोर्डही होता. मुलगा ठाण्याहून निघाला होता आणि शिळफाट्याला अडकला होता. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला. मी सासू म्हणून पेन उघडेपर्यंत खालच्या बाईंनी सही केलीसुद्धा. नात्याच्या रकान्यात त्यांनी त्यांच्या त्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'आई'. फॉर्म चुकीचा भरला गेलाय, एवढं मला कळत होतं. मी पेनाला टोपण लावलं.

दुपारी अडीचला मुलगी झाली. दोन किलो नऊशे. माझी खात्री होती, की आता बोटं मोजली जाणार, कानाशी टाळी वाजवून बघितली जाणार. पण नर्सने बाळ हातात दिलं आणि त्या नुसत्या बसून राहिल्या. एकदाही तपासलं नाही.

तासाभराने पल्लवीला खोलीत आणलं. बाळाला नर्स पलीकडच्या खोलीत घेऊन गेली होती. मी पल्लवीची चादर सरळ करायला गेले, तर खालून चादर लाल होत होती. पल्लवी म्हणाली, "आई, मला गरगरतंय." तिचा चेहरा उतरत चाललेला मला दिसत होता. खालच्या बाईंनी चादरीकडे बघितलं आणि त्या उठून कॉरिडॉरमध्ये पळाल्या. "डॉक्टर! अहो डॉक्टर! माझी मुलगी!" लिफ्टकडे पळाल्या, जिन्याकडे पळाल्या, चुकून बाहेरच्या दाराकडे पळाल्या. ज्या बेलसाठी त्यांनी तीन सोमवार घालवले होते, ती त्यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर होती.

मी बेल दाबली. वाजली.

दोन नर्स आल्या, मागून डॉक्टरबाई आल्या. इंजेक्शन, सलाईन, पोटावर जोर. आम्हाला बाहेर काढलं. वीस मिनिटं खालच्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि हातातल्या रिळातले स्टिकर एकेक काढून स्वतःच्याच पदराला लावत होत्या. आपण काय करतोय हे त्यांना माहीत नव्हतं. मी थांबवलं नाही. मग डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "थांबलं. अंगात रक्त भरलेलं होतं म्हणून निभावलं. वेळेवर बोलावलंत."

खालच्या बाई तशाच खाली बसल्या. त्यांनी विचारलं, "बेल वाजली का हो?"

"पहिल्याच खेपेला," मी सांगितलं.

"मला ऐकू नाही आली."

त्यानंतर सव्वा महिना खालच्या घरातून शेक-शेगडीचा धूर, डिंकाचा वास आणि बाळाचं रडणं वर येत राहिलं. डिंकाचे लाडू दगडासारखे झाले होते. पल्लवीने ते सगळे खाल्ले आणि ऑफिसातल्या मैत्रिणींना फोटो पाठवले. सव्वा महिन्याने पाठवणी झाली. ओटी भरून, बाळाला नवं झबलं घालून, सतरा पायऱ्या चढून बाई पल्लवीला घेऊन आल्या आणि उंबऱ्याबाहेर थांबल्या. मी बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मामाही दिव्याहून आला होता. चार वाजले होते.

"या ना आत," मी म्हटलं. "चहा टाकलाय."

त्या आत आल्या, दारातला स्विच तीनदा दाबला आणि दाराजवळची खुर्ची सोडून त्यांच्या नेहमीच्या जागी बसल्या. मी कप भरून पुढे केला. त्यांनी बशीत अर्धा ओतून माझ्याकडे सरकवला.

"अर्धाच. अर्धा मागेच पिऊन झालाय."

मी म्हटलं, "कसा झालाय?"

"साखर जास्त आहे," त्या म्हणाल्या, आणि कप तळापर्यंत संपवला.

सव्वाचारला त्या उठल्या. पल्लवीने वाकून नमस्कार केला, बाळ त्यांच्या बोटाला धरून होतं ते सोडवायला थोडा वेळ लागला. त्या संध्याकाळी मी बाल्कनीत कपडे काढत होते, तेव्हा खालून आवाज आला. टक, टक, टक. खाली पल्लवी राहिली होती त्या खोलीतला दिवा लागत होता, विझत होता, लागत होता. तीनदा झालं तरी थांबला नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी, अशीही आमच्याकडे रीत आहे. ती पाळायची की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.