न दाबलेलं घड्याळ

स्पर्धा नेरूळमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. काळी मोहरी माझ्याकडे. समोर आमच्याच सोसायटीतले काका. मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटमध्ये आयुष्य काढलेले, काकू गेल्यापासून एकटेच. मला बुद्धिबळ त्यांनीच शिकवलं, चाळिशी उलटल्यावर, गेटजवळच्या बाकावर. मी त्यांना एकदाही हरवलं नव्हतं.

सकाळी रिक्षात त्यांनी सांगितलं होतं. ते हल्ली विसरतात म्हणून मुलगा फ्लॅट भाड्याने देऊन त्यांना पुण्याला न्यायचं म्हणत होता. "आज येतोय बघायला. डोकं शाबूत हाय, एवढं त्याला दिसलं म्हणजे झालं."

काका तुटून पडले. मी फ्रेंच बचाव घेतला. प्याद्याला प्यादं टेकवून भिंत, आणि भिंतीआड माझाच उंट कोंडलेला. भिंत टिकली होती, पण ती आता पडणार हे मला कळत होतं. तेवढ्यात काकांनी हत्ती सरकवला, हाताची घडी घातली आणि घड्याळ दाबायचं विसरले. न दाबल्यास आपलीच वेळ जात राहते, आणि ती संपली की डाव गेला. याच डावात आधीही विसरले होते, तेव्हा मीच नजरेने खुणावलं होतं. तेव्हा माझा डाव बरा होता.

सांगायलाच हवं असा काही नियम नाही. मी कपाळाला हात लावून पटाकडे बघत राहिलो, विचारात पडल्यासारखा. त्यांची वेळ संपली तेव्हा पंचांना हात वर करून मीच बोलावलं.

मुलगा मागेच उभा होता. "आप्पा, घड्याळ दाबायचं असतं, एवढंपण लक्षात नाही?" तो हळूच म्हणाला.

बाकावर आम्ही कधी घड्याळ लावतच नाही, ती सवय नडली. एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. पण मग मी गप्प का बसलो, हेही सांगावं लागलं असतं. मी मोहरी पेटीत भरू लागलो. कुणीतरी पाठ थोपटली, काय भक्कम डिफेन्स म्हणाला. मी हसलोसुद्धा.

पुढच्याच महिन्यात टेम्पो आला. मुलगा सामान चढवत होता. काकांनी पट माझ्या हातात दिला.

"चांगला खेळलास रे. मलाच आता सुचत नाही."

मुलगा दोन हातांवर होता. तेव्हाही मी बोललो नाही.