मुसळावर न बसलेला रंग

निमजे मॅडम गेल्याची बातमी आली तेव्हा मी करडीच्या शाळेत परिपाठ घेत होते. झोपेतच गेल्या म्हणे. फोन ठेवला आणि, खरं सांगते, पहिला विचार आला तो लाखनीच्या खोलीचा... आता ती बंद पडणार.

ती खोली म्हणजे आमच्या शिक्षक प्रशिक्षण केंद्रातलं छोटंसं संग्रहालय. विणकराचा धोटा, धान कांडायचं मुसळ, तळ्यातली मासोळी धरायचा बांबूचा सापळा, असं सगळं मॅडमनी घरोघर मागून जमवलेलं. शिक्षकांना शिकवणं ही त्यांची नोकरी, पण त्या ती लग्नघरातल्या उत्साहानं करायच्या. आम्ही मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलो. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक वस्तू दिली आणि फर्मावलं, "नाव सांगाचं नाही, उपयोग सांगाचा नाही. फक्त इचारा." मास्तराला सांगू नको म्हणणं म्हणजे शिक्षाच. पण दुपारपर्यंत आमचे पन्नाशीतले गुरुजी एका धोट्यावरून पोरांसारखे भांडत होते, आणि जेवायची सुट्टी झाली हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. इतकी मजा मला नोकरीत कधी आली नव्हती.

वरच्या कार्यालयाला मात्र ती खोली सामान ठेवायला हवी होती. शेजारच्या शाळेतली मुलं येऊन वस्तूंना हात लावतात, मोडतात, असं त्यांचं म्हणणं. हातच लावू द्यायचा नाही तर संग्रहालय कायले, असं मॅडमचं. शेवटी साहेब स्वतः येऊन पाहणार आणि ठरवणार असं झालं.

आदल्या दिवशी मॅडम भंडाऱ्याला गेल्या होत्या, आणि साहेब येणार म्हटल्यावर आपल्या शाळांत जे होतं तेच झालं. केंद्रातल्या उत्साही मंडळींनी दिसेल त्याला ऑइलपेंट फासला. मुसळ लाल, सापळा हिरवा, आणि प्रत्येकावर पांढऱ्या सुबक अक्षरात नाव. सकाळी मॅडम दारातच थबकल्या. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"हे काहून केलं जी, गुरुजी?"

"साहेब येऊन राहिले न, मॅडम," कावळे गुरुजी ब्रश हातात धरूनच म्हणाले. "चांगलं दिसाले पाहिजे."

तेवढ्यात गाडी आलीच. मॅडमनी डोळे पुसले, पदर खोचला आणि चौथीची मुलं आत बोलावली. एक मुलगी मुसळावरून हात फिरवता फिरवता थांबली. "मॅडम, मधातच रंग निघून राहिला. इथंच काहून नाही बसला?" मॅडमचा चेहरा असा उजळला की मला अजून दिसतो. "तूच सांग, काहून?" पोरांनी नाना तर्क लढवले आणि शेवटी एकजण म्हणाला, "इथं धरत असन. हाताचं तेल मुरलं असन." साहेब पुढे झाले, त्यांनी बरोबर तिथं मूठ आवळली आणि बराच वेळ सोडलीच नाही.

खोली राहिली. मॅडमनी आम्हाला गरम आलूबोंडे खाऊ घातले आणि कावळे गुरुजींना म्हणाल्या, "तुमचा रंग कामी पडला, गुरुजी. पण ब्रश आता माह्याजवळ द्या."

मागच्या आठवड्यात लाखनीला नव्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. मी जीव मुठीत धरूनच गेले. खोली उघडी होती. मॅडमच्या हाताखाली शिकलेली वैशाली मुलांना घेऊन बसली होती आणि नवे शिक्षक मागे उभं राहून पाहत होते. मुलांच्या मधोमध एक निळं हेल्मेट होतं. ट्रकांच्या गर्दीच्या रस्त्यानं मॅडम स्कूटीवर केंद्रात यायच्या, तेव्हाचं. त्यांच्या मिस्टरांनी आणून दिलेलं.

"हे त जुनं नाही," एक मुलगी म्हणाली. "इथं काहून ठेवलं?"

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं... वैशालीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मुलीनं हेल्मेट उलटं केलं, आतल्या मऊ पडलेल्या कापडावरून बोटं फिरवली, वास घेतला.

"खोबऱ्याचं तेल. बाई असन कोणी. रोज घालत असन." मग तिनं मान वर करून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. "मंग आता काहून नाही घालत?"